सीटची उंची बसवताना: टाच, टेप आणि तीन-तीन मिलिमीटर

सायकलच्या सीटची उंची जमिनीपासून मोजायची नसते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सीट वरखाली करायला घेतली की बहुतेक जण पहिल्यांदा तिच्यावर बसतात आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघतात. टेकले की समाधान. पण सायकल चालते तेव्हा पाय पेडलवर असतात, जमिनीवर नाही. जुळवायचं असतं ते बसण्याच्या हाडांपासून पेडलपर्यंतचं अंतर. जमीन त्याच्याखाली किती आहे हे सायकलच्या बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे (क्रँक) फ्रेममध्ये जिथे फिरतात त्या जागेच्या, उंचीवर ठरतं. रोड बाइकवर ते जमिनीपासून साधारण २७ सेंमीवर असतं, माउंटन बाइकवर ३० च्या वर. म्हणजे तोच माणूस, पायाला तंतोतंत जुळलेली तीच सीट, पण एका सायकलवर बोटं टेकतील आणि दुसरीवर तीही टेकणार नाहीत. दोन्ही बरोबरच आहेत.

थांबताना सीटवरून पुढे सरकायचं, एक पाय खालच्या पेडलवर ठेवून दुसरा जमिनीवर टेकायचा. ही सवय लागली की उंच सीटची भीती उरत नाही. ज्यांना अजून तोलच सांभाळता येत नाही अशी मुलं आणि नव्यानं शिकणारी मोठी माणसं यांची गोष्ट वेगळी. त्यांना पाय टेकू द्यावेत. गुडघ्यांचा विचार तोल जमल्यावर.

खाली दिलेली मोजणी आम्ही एका रोड बाइकवर केली. क्रँक १७० मिमी, क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकतो), क्लीटचे बूट (क्लीट म्हणजे सोलखालचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा), ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर) लावलेली सायकल. क्रँकची लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते, ती वाचून घ्यायची, अंदाज करायचा नाही. सामान फारसं लागलं नाही: धातूची टेप, जाड पाठीचं एक पुस्तक, छोटी पाणसळ, दोरीला नट बांधून केलेला ओळंबा, ४ आणि ५ मिमीच्या अ‍ॅलन की, टॉर्क रेंच, इन्सुलेशन टेप आणि फोन. आणि दुसरं माणूस. एकट्यानं यातलं निम्मंच नीट होतं, कारण बसलेला माणूस स्वतःचा गुडघा बघायला वाकला की कंबर हलते आणि माप बिघडतं.

एकही बोल्ट सैल करण्याआधी जुनी उंची लिहून ठेवली. नवं काही जमलं नाही तर परत जायला जागा हवी. माप बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून, म्हणजे क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या केंद्रापासून, सीट ट्यूबला (फ्रेमच्या सीटखालच्या नळीला) धरून वर सीटच्या माथ्यापर्यंत घ्यायचं. अडचण अशी की सीटचा माथा सपाट नसतो. पुढे नाक खाली, मागे शेपटी वर, मध्ये खोलगट. आज इथे टेप लावली आणि उद्या तिथे, तर ५-६ मिमीचा फरक सहज पडतो, आणि पुढची सगळी खटपट ३ मिमीची आहे. म्हणून सीटची रुंदी जिथे बरोबर ८ सेंमी होते तिथे टेपचा बारीक तुकडा चिकटवला आणि प्रत्येक माप त्याच खुणेपर्यंत घेतलं. सीट बदलली तरी नव्या सीटवर ८ सेंमी रुंदीची जागा शोधता येते, त्यामुळे तुलना टिकते. जुनी उंची भरली ६६.१ सेंमी.

मग पाय. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, दोन पावलांमध्ये १५ सेंमी अंतर ठेवून उभं राहायचं. पुस्तक दोन मांड्यांमध्ये पाठीचा भाग वर करून धरायचं आणि वर दाबायचं. किती दाबायचं, इथेच चूक होते. पॅन्टचं माप घेतल्यासारखं हलकेच टेकवलं तर पाय सेंमी-दीड सेंमीनं आखूड भरतो. सीटवर बसल्यावर हाडांवर जेवढा भार येतो तेवढा जाणवेपर्यंत दाबायचं, पण टाचा उचलू द्यायच्या नाहीत. पुस्तकाची मागची कड भिंतीला पूर्ण टेकली असेल तर पुस्तक आपोआप आडवं सरळ राहतं. मग भिंतीवर पेन्सिलची खूण, आणि जमिनीपासून खुणेपर्यंत माप. हे तीनदा केलं: ७७.८, ७८.१, ७८.०. तीन मापांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर चौथं घ्यावं. आम्ही ७८ धरलं.

आता हिशेब. दोन सूत्रं जास्त चालतात. एक, पायाची लांबी गुणिले ०.८८३. हे टूर द फ्रान्स तीनदा (१९८६, १९८९, १९९०) जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखलं जातं आणि त्याचे प्रशिक्षक सिरील गिमार यांच्याकडून आलं. त्यातून बॉटम ब्रॅकेटपासूनची उंची थेट मिळते: ७८ × ०.८८३ = ६८.९ सेंमी. दुसरं त्याहून जुनं, हॅम्ली आणि थॉमस यांच्या १९६७ सालच्या अभ्यासातलं: क्रँक सीट ट्यूबच्या रेषेत खाली असताना पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत पायाच्या लांबीच्या १०९ टक्के. म्हणजे ८५.०, त्यातून क्रँकचे १७ वजा केले की ६८.०.

एकाच पायाला दोन उत्तरं, ९ मिमीच्या फरकानं. हा योगायोग नाही. पहिल्या सूत्रात क्रँकची लांबी येतच नाही, दुसऱ्यात येते. १७० च्या क्रँकवर दोन्ही सूत्रं जुळतात ती पाय साधारण ८२ सेंमीचा असेल तेव्हाच. त्याहून आखूड पायाला लेमाँडचं सूत्र उंच सीट सांगतं, लांब पायाला खुजी. पाय ७५ चा असेल तर एक सूत्र ६६.२ म्हणतं आणि दुसरं ६४.८, पाय ९० चा असेल तर एक ७९.५ आणि दुसरं ८१.१. दीड सेंमीचा फरक म्हणजे दुखणारा आणि न दुखणारा गुडघा. शिवाय मांडी आणि पोटरीचं प्रमाण, पावलाची लांबी, बुटाच्या सोलची जाडी, पेडलिंग करताना टाच किती वर राहते, यातलं काहीच कोणत्याही सूत्राला माहीत नसतं. त्यामुळे आम्ही सूत्राचा आकडा सीटवर चढवत नाही. दोन्ही आकडे कागदावर लिहायचे, आणि शेवटचं उत्तर त्यांच्या आसपास आलं नाही तर पाय मोजण्यात काही चुकलं असं समजून परत पुस्तक हातात घ्यायचं.

सुरुवात टाचेपासून केली. सीटवर नेहमीसारखं बसायचं, हात हँडलवर, क्रँक खाली सीट ट्यूबच्या रेषेत. क्रँक अगदी उभा केला तर पेडल सगळ्यात लांब नसतं. सीट ट्यूब मागे कललेली असल्यामुळे सगळ्यात लांबचा बिंदू तिच्या रेषेत, तळापासून किंचित पुढे येतो. टाचेचा मध्य पेडलच्या आसावर ठेवायचा आणि पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला न कलता. मग दोन्ही टाचा पेडलवर ठेवून हळूहळू उलटं पेडल मारायचं. मागे उभं राहून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी झुलताना दिसली तर सीट उंच आहे. टाच पोचूनही गुडघा वाकलेला राहत असेल तर खाली आहे.

ही पद्धत सोपी आहे म्हणून हलकी समजू नये, पण तिच्यात एक खोट आहे: बूट. जाड टाचेच्या साध्या बुटांत टाचेखाली ३ सेंमी रबर आणि चवड्याखाली २ सेंमी असेल, तर तो एक सेंमी सरळ सीटच्या उंचीत घुसतो. आणि अनवाणी टाच लावून मग जाड सोलच्या बुटांत चालवलं तर उलटी चूक होते. ज्या बुटांत चालवणार त्याच बुटांत, आणि पॅडची शॉर्ट घालत असाल तर तीच घालून बसायचं. क्लीटच्या बुटाची टाच लहान पेडलवरून घसरते, म्हणून दुसऱ्यानं बूट धरून ठेवला. टाचेवर आमची उंची आली ६७.६.

सीट वर ओढताना सीटपोस्टबद्दल, म्हणजे सीट ट्यूबमध्ये जाणाऱ्या सीटच्या दांडीबद्दल, दोन-चार गोष्टी सांभाळायच्या असतात. पोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर दिसत असेल तर लांब पोस्ट घ्यायची, दुसरा मार्ग नाही. त्या रेघेच्या पलीकडे गेलेली पोस्ट वाकते किंवा सीट ट्यूबचं तोंड फोडते. धातूची पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये असेल तर बाहेर काढून, जुना काळा मळ पुसून, ग्रीसचा पातळ हात द्यायचा. वर्षातून एकदा हे केलं नाही तर ती आत धरून बसते आणि मग काढणं हे वेगळंच युद्ध होतं. कार्बन असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठीची कणीदार पेस्ट लावायची, म्हणजे कमी घट्टपणातही पकड मिळते. बोल्ट किती आवळायचा ते पोस्ट आवळणाऱ्या क्लँपवरच छापलेलं असतं, बहुतेकदा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. हाताच्या अंदाजानं कार्बन आवळू नये. आणि नीट आवळूनही पोस्ट खाली सरकत असेल तर तिच्यावरचा व्यास वाचावा. २७.२ च्या फ्रेममध्ये २७.० ची पोस्ट आत जाते, बसल्यासारखी वाटते, आणि तासाभरात ४ मिमी खाली उतरते. चालवणाऱ्याला वाटतं पाय थकले.

उंचीचं बारीक काम करण्याआधी सीट आडवी आणि पुढे-मागे कुठे बसते ते ठरवावं लागतं, कारण दोन्हींचा उंचीवर परिणाम होतो. पाणसळ सीटच्या लांबीवर ठेवून सीट सपाट केली. मग ओळंबा: क्रँक आडवा, पुढचा पाय नेहमीसारखा पेडलवर, गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून दोरी सोडायची. नट पेडलच्या आसासमोर लटकायला हवा. आमचा ८ मिमी पुढे पडला, म्हणून सीट तिच्या खालच्या रेल्सवर (दांड्यांवर) ८ मिमी मागे घेतली. या ओळंब्यामागे शरीरशास्त्राचा पक्का नियम काही नाही. अनेक चांगले चालवणारे याहून मागे किंवा पुढे बसतात. पण सुरुवातीसाठी ही जागा सोयीची आहे.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. सीट मागे नेली की ती पेडलपासून लांबही जाते. सीट ट्यूबचा कोन ७३ अंशांच्या आसपास असताना १ सेंमी मागे म्हणजे जवळजवळ ३ मिमी उंच. आमच्या ८ मिमीनं उंची २ मिमीपेक्षा थोडी जास्त वाढवली. म्हणून रेल्सचा बोल्ट आवळून झाल्यावर टेप पुन्हा खुणेपर्यंत लावली आणि पोस्ट तेवढी खाली घेऊन परत ६७.६ केली.

पुढचं काम फोनचं. मांडीच्या बाजूला खुब्याचं हाड हाताला लागतं तिथे, गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडावर एकेक ठळक ठिपका चिकटवला. खुब्याचा ठिपका कपड्यावर लावला तर कपडा सरकतो. घट्ट शॉर्ट हवी, आणि हाड शोधताना पाय पुढे-मागे हलवून कोणती जागा हलते ते बोटानं चाचपावं. फोन सीटच्या थोडा खाली, सायकलपासून तीन मीटर लांब, सायकलच्या बरोबर आडव्या रेषेत स्टँडवर. जवळ ठेवला किंवा तिरका लावला तर कोन खोटे येतात. ट्रेनरनं मागचं चाक उचललेलं असतं, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा देऊन दोन्ही आस एका पातळीत आणले. दहा मिनिटं चालवल्यावर, माणूस कॅमेरा विसरल्यावर, अर्धा मिनिट स्लो मोशन.

चित्रफितीत पाय सगळ्यात सरळ होतो ती एक चौकट निवडायची आणि तीन ठिपक्यांमधला गुडघ्याचा वाक मोजायचा. पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश. होम्स यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हा वाक २५ ते ३५ अंश असावा असं सांगितलं जातं. मात्र तो थांबलेल्या पायाचा कोन आहे, कोनमापी लावून घेतलेला. चालू पेडलिंगमध्ये टाच थोडी उचललेली असते, त्यामुळे त्याच उंचीवर गुडघा काही अंशांनी जास्त वाकलेला दिसतो. फोनवर ४० च्या जरा खालचा आकडा बघून घाबरून सीट वर चढवणं ही म्हणूनच चूक ठरते. आमचं ६७.६ वर ४१ अंश भरलं. म्हणजे सीट थोडी खाली, पण फार नाही.

हे ट्रेनरवरचं झालं. रस्त्यावर जाताना सीट थेट ६७.६ वर ठेवली नाही. ६६.१ वर महिनोन्महिने चाललेल्या पायाला दीड सेंमी एकदम दिली तर मांडीच्या मागचे स्नायू आणि टाचेचा स्नायुबंध दोन दिवसांत तक्रार करतात, आणि मग उंची चूक की घाई चूक हे कळत नाही. अर्धा-अर्धा सेंमी, प्रत्येक टप्प्यावर तीन फेऱ्या, त्यातली एक तरी तासाभराची. ६६.६, ६७.१, ६७.६. तिथून पुढे पाऊल ३ मिमीचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उंची आणि क्लीट एकाच संध्याकाळी हलवले की वहीतल्या नोंदीला अर्थ राहत नाही.

६७.९ वर चढावर बसून चालवताना मांडीच्या पुढच्या भागातली जळजळ कमी झाली. ६८.२ वर पायांचं चक्र गोल वाटायला लागलं, तळाशी जो ठोका जाणवायचा तो गेला. ६८.५ वर पहिल्या अर्ध्या तासात सगळं छान, मग उजवा चवडा खाली ताणला जाऊ लागला आणि मागून चालणाऱ्याला कंबर झुलताना दिसली. आपल्याला आतून हे झुलणं कळत नाही. कळतं ते सीटच्या एका कडेला मांडी घासल्यावर. परत ६८.२. फोननं ३८ अंश दाखवले. कागदावरच्या दोन सूत्रांच्या मधोमध नाही, पण त्यांच्या आतच.

दुखणं कुठे आहे ते नीट विचारलं तर सीट कुठे चुकली ते सहसा सांगता येतं. गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखतं तेव्हा सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते: गुडघा जास्त वाकलेला असताना मांडीचा स्नायू जोर लावतो आणि वाटी हाडावर दाबली जाते, तासाला काही हजार वेळा. गुडघ्याच्या मागे दुखतं तेव्हा सीट उंच किंवा फार मागे, कारण तळाशी पोचण्यासाठी मांडीमागचे आणि पोटरीचे बंध ताणले जातात. सीट उंच असल्याची आणखी लक्षणं म्हणजे जांघेत बधिरपणा, एकाच बाजूला फोड, टाचेच्या वर दुखणं. गुडघे बाहेरच्या बाजूला फेकले जात असतील तर पहिला संशय खाली असलेल्या सीटवर घ्यावा. दोन आठवडे उंची खालीवर करूनही दुखणं हललं नाही, किंवा सांध्याला सूज आली, तर टेप ठेवून डॉक्टरकडे जावं.

एकाच पायाला त्रास होत असेल तर दोन्ही बाजूंनी चित्रफीत घ्यावी. पाय अगदी सारखे क्वचितच असतात. ३-४ मिमीचा फरक शरीर सांभाळून घेतं. त्याहून मोठा असेल तर आम्ही आखूड पायाला झेपेल अशी सीट ठेवतो, लांब पायाला नाही. जास्त वाकलेला पाय काही काळ चालवून घेतो, ताणलेला पाय कंबर ओढतो.

उंची ठरल्यावर पोस्टभोवती क्लँपला चिकटून इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला. वाहतुकीसाठी पोस्ट काढावी लागली तर परत तिथेच येते, आणि सरकत असेल तर टेप क्लँपखाली चुरगळलेली दिसते. ६८.२ हा आकडा, क्रँक १७०, सीटचं नाव आणि बुटांचं नाव एकत्र लिहून ठेवलं, कारण हा आकडा फक्त याच जोडणीचा आहे. क्रँक १६५ चा लावला तर सीट ५ मिमी वर न्यावी लागेल. तळाशी पाय पूर्वीसारखाच राहील आणि वरच्या टोकाला पेडल सीटपासून १० मिमी दूर जाईल, म्हणजे गुडघा कमी दुमडेल. चामड्याची सीट वापरून खचते, तिची उंची काही महिन्यांनी परत मोजावी. सीट मऊ गादीची असेल तर टेप रिकाम्या सीटवर लावली तरी बसल्यावर ती किती दबते ते टाचेनं पुन्हा तपासावं. आणि नवे बूट घेतले तर जुन्या आणि नव्या बुटांची क्लीटजवळची सोल शेजारी ठेवून मोजायची. नवी सोल ४ मिमी पातळ निघाली तर पहिल्या फेरीआधीच सीट ४ मिमी खाली.